काही यंत्रमाग बंद आहेत

पोरी,

काल वाचनालयात सराव पेपर आपटून तू म्हणालीस, ‘काका, प्रश्न काढणाऱ्यानं यंत्रमाग बघितलाय का कधी?’ ‘काही यंत्रमाग बंद आहेत’ यावरून ‘काही चालू आहेत’ असा निष्कर्ष तू काढलास. वडील माग चालवतात. चार बंद म्हटले की बाकीचे चालू, हे तुला घरबसल्या कळतं. पण ते तुझ्या घरात आहे, वाक्यात कुठाय? तर्कात ‘काही’ म्हणजे किमान एक. उद्या सगळे बंद पडले तरी ते विधान खरंच राहतं. वाक्यात नाही ते नाही.

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला सीसॅट, म्हणजे हाच उतारे आणि तर्काचा पेपर, आला २०१३ साली, तेव्हा त्याचे मार्क मेरिटला धरायचे. तुला आता तो फक्त पास व्हायचाय, २०० पैकी ६६ आणले की सुटका. तरी तोंड पाडून बसतेस! त्या काळात एका परीक्षेत पाण्यावर उतारा होता. मी उजनीबद्दल ठाऊक होतं तेवढं सगळं त्यात ओतलं आणि थोडक्यात हुकलो. माझी उत्तरं खरी होती, आजही सिद्ध करून दाखवीन. उताराच अर्धवट होता. असो, उतारा अर्धवटच असतो.

‘सगळ्या चादरी सुती आहेत, काही सुती कापडं महाग आहेत.’ म्हणून काही चादरी महाग? समासात चादरीचं वर्तुळ सुतीच्या पोटात काढ. आता ‘महाग’चं वर्तुळ सुतीला कापेल पण चादरीला शिवणार नाही, असं बसवून बघ. बसलं ना? मेला निष्कर्ष. तू त्याला वाचवायला धडपडतेस, पाडायला बघ.

आणि पाडायला मात्र घरचं ज्ञान खुशाल वापर. ‘वीज गेली तर माग थांबतो.’ माग थांबलाय, म्हणजे वीज गेली? धागा तुटला तरी थांबतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! माग चालू आहे म्हणजे वीज आहे, एवढंच पक्कं. ‘फक्त’चंही तसंच: ‘फक्त पदवीधरांनाच अर्ज करता येईल’ म्हणजे प्रत्येक पदवीधराला येईल असं नव्हे. वयाची अट राहिलीच की. माझी संधी त्यातच संपली.

उद्या सहाला येतो. तेच पंचवीस प्रश्न परत सोडव, पेन नको, पेन्सिल आण. भांडायचं असेल तर भांड, पण वाक्यावर बोट ठेवून.

तुझा,
काका