डोळ्याच्या खोबणीसाठी मापाचे इम्प्लांट

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्याखाली मार लागला. सूज ओसरल्यावर तो डोळा आत गेलेला दिसू लागला आणि वर पाहताना त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात. तयार जाळीऐवजी खास त्याच्या मापाचे इम्प्लांट बसवावे, असे डॉक्टर सांगतात. खर्च बराच अधिक आहे. तो करावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : डोळ्याच्या खोबणीत साधारण ३० मिलीलिटर जागा असते आणि तिचा तळ काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. तो फुटला की डोळ्यामागची चरबी आणि कधी स्नायूही खालच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीत, उतरतात, आणि डोळा दोन मिलिमीटर आत गेला तरी चेहऱ्यातला फरक जाणवू लागतो. ताज्या, लहान फ्रॅक्चरला टायटेनियमची तयार जाळी बहुधा पुरते. तुमच्या भावाची मात्र जखम भरून ऊतींचे व्रण घट्ट झाले असणार, आणि तळाबरोबर नाकाकडची भिंतही खचली असेल, तर जाळी हाताने अचूक वाकवणे अवघड होते. अशा वेळी पातळ छेदांच्या सीटी स्कॅनवरून उजव्या, शाबूत खोबणीची आरशातल्यासारखी प्रतिमा संगणकावर डावीकडे ठेवून त्या आकाराचे इम्प्लांट टायटेनियमच्या भुकटीतून थरावर थर वितळवून घडवतात. त्याची मागची कड खोबणीच्या आतल्या शाबूत हाडावर टेकणे फार महत्त्वाचे असते, कारण तिथेच आधार चुकला तर डोळा पुन्हा आत जातो. म्हणून तुम्ही सांगता त्या स्थितीत हा सल्ला मला रास्त वाटतो, आणि स्कॅनमध्ये मोठा भाग खचलेला असेल तर हा खर्च वाया जाणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट असू द्या : इम्प्लांट हाडाची जागा भरून काढते, स्नायूचा व्रण घालवत नाही. त्यामुळे दोन दिसणे कमी झाले तरी पूर्ण जाईलच असे नाही. त्यासाठी पुढे प्रिझमचा (दोन प्रतिमा एकत्र आणणाऱ्या काचांचा) चष्मा किंवा तिरळेपणाची शस्त्रक्रिया लागू शकते. डोळ्याच्या हालचालींची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून नोंदवून घ्या आणि संगणकावरचा आराखडा डॉक्टरांकडून समजावून घ्या. अपघाताच्या वेळचा स्कॅन जुना झाला असेल, तर मापासाठी नवा लागेल.

छेद बहुधा खालच्या पापणीच्या आतून घेतात, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणे विरळ आहे, तरी पहिल्या रात्री वेदना अचानक वाढल्या किंवा अंधुक दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी नर्सला सांगावे. डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक शिंकरू नये.