एमडीच्या एका पेपरात 38, पण चारही मिळून 230 गुण. रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण धरतील का?

नाही, 400 पैकी 230 गुण झाले तरी एका पेपरातल्या 38 गुणांमुळे आपण लेखी परीक्षेत अनुत्तीर्णच ठराल. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमांनुसार प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि चारही मिळून 50 टक्के, या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. शिवाय प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेत निराळे 50 टक्के हवेत. तिथले भरघोस गुण लेखीची तूट भरून काढत नाहीत, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. नियम देशभर एकच असल्याने रत्नागिरीत काय आणि मुंबईत काय, सवलत कुठेच नाही. मात्र हे एमडी-एमएसपुरते झाले. आयुर्वेद किंवा फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या अभ्यासक्रमाची नियमावली पाहावी.