सकाळचं ग्राउंड आणि संध्याकाळचा सराव

भावा, संध्याकाळी १०० मीटर १२.४ सेकंदांत निघतं आणि सकाळी सहाला तेच १३.२ लागतात, तेव्हा स्टॉपवॉच बिघडलंय की मी, असं तू विचारलंस. दोन्ही ठीक आहेत. माझ्या पहिल्या पोलीस भरतीच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहाटे चार-पाचला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि दुपार कलल्यापासून संध्याकाळपर्यंत सगळ्यात वर. फरक अर्धा ते एक अंश सेल्सिअसचाच, पण गार स्नायू हळू आकसतो. त्यामुळे काही सेकंदांत सगळा जोर काढायचा असतो तिथे, म्हणजे १०० मीटरला आणि गोळाफेकीला, सकाळी मार बसतो. २००४ ते २०१६ च्या ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या वेळा तपासल्या, तेव्हाही संध्याकाळी पाचच्या सुमारास कामगिरी सर्वांत चांगली निघाली. त्या खेळाडूंत फरक अर्ध्या टक्क्याच्या आतला होता. प्रयोगशाळेत सायकलवर ३० सेकंद पूर्ण जोर लावायला सांगतात, त्या चाचण्यांत तो बराच मोठा दिसतो.

माझी चूक ऐक. मी दिवसा दुकानावर असायचो, म्हणून आठ महिने सराव फक्त संध्याकाळी साडेपाचला. मी जिथे फी भरली त्या अकॅडमीत विचारलंही होतं की ग्राउंड पहाटे असतं, मग आपण सकाळी का पळत नाही? उत्तर मिळालं, "त्या दिवशी आपोआप निघतं." ट्रायलही संध्याकाळीच घ्यायचे आणि त्याच वेळा फळ्यावर लावायचे. चांगल्या दिसतात ना! मुलाचं एक वर्ष जातं याचं कुणाला काही वाटत नाही, याचा राग मला आजही येतो.

हॉल तिकिटावर पहाटे पाचची वेळ होती. जानेवारीची थंडी. रात्रभर एसटीत बसून आलो, गेटबाहेरच घाम येईपर्यंत वॉर्मअप केला. मग आत कागदपत्रं, उंची, छाती मोजणी. शर्ट काढून दीड तास जमिनीवर बसून राहिलो. चेस्ट नंबर पुकारला आणि थेट लाइनवर. पहिले तीस मीटर पाय उचलतच नव्हते. रोजचे १२.३, तिथे १३.१. गुणांची एक पायरी खाली आलो आणि शेवटी मेरिटला एका गुणाने राहिलो. ५० गुणांच्या ग्राउंडमध्ये १०० मीटरचे १५ असतात, त्यातले काही असे थंडीत घालवले.

तुझ्याकडे पाच आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत असं माझं मत. रोज ज्या वेळी सराव करशील त्या वेळेला शरीर सरावतं आणि काही आठवड्यांत सकाळ-संध्याकाळचा फरक बराच कमी होतो. उद्यापासून १०० मीटर आणि गोळा सकाळीच कर. १६०० मीटरला फटका त्या मानाने कमी, तरी तेही सकाळीच पळ. संध्याकाळच्या वेळा वहीत लिहूच नकोस, त्या मनाला फसवतात. वॉर्मअप दहा मिनिटांचा नको, २५-३० मिनिटांचा हवा. आणि माझ्यासारखं होऊ नये म्हणून आठवड्यातून दोनदा वॉर्मअपनंतर मुद्दाम पाऊण तास बसून राहा, मग उठून चार-पाच मिनिटं जागेवर गुडघे उचल, तीन-चार स्ट्राईड (लांब पावलांच्या छोट्या धावा) मार आणि तेव्हा वेळ घे. ग्राउंडच्या दिवशीची तुझी खरी वेळ ती. नंबर येईपर्यंत ट्रॅकपँट आणि जॅकेट अंगावरच ठेव.

मी डॉक्टर नाही की कोच नाही, हे अनुभवाचं आणि थोड्या वाचनाचं बोलतोय. छातीत धडधड वगैरे असेल तर आधी तपासून घे. कॉफीने सकाळची सुस्ती कमी होते, मला फायदा झाला. पण सवय नसेल तर ऐन दिवशी पहिल्यांदा पिऊ नकोस, पोट बिघडतं. आणि कुणी इंजेक्शन सुचवलं तर त्या माणसापासून लांब राहा, यावर मी वाद घालणार नाही.

अजून एक, शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारीच त्या शहरात पोच. दोन-तीनशे रुपये जातील, पण रात्रीची झोप मिळेल. झोपायची वेळही आत्तापासूनच रोज थोडी थोडी अलीकडे आण, एकदम नऊला आडवं होऊन झोप लागत नाही.

पहिला आठवडा वेळा खराबच येतील, घाबरू नकोस. दोन आठवड्यांनी पाऊण तास बसून घेतलेली वेळ मला कळव, मग गोळ्याचं बघू.