टायमिंग चेन 'लाइफटाइम' असते का? १.३ डिझेल इंजिनाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच इंजिनाची आहेत: फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. मारुतीत याचंच नाव डीडीआयएस, टाटात क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, नावं वेगळी असली तरी बॉनेटखाली मूळ इंजिन तेच. २०२० साली बीएस-६ नियम आले तेव्हा ते आपल्याकडे बंद झालं, म्हणजे आज रस्त्यावर दिसतं ते प्रत्येक इंजिन बरीच वर्षं पळालेलं आहे. त्यात ऐकीव सल्ल्यांची भर पडते. म्हणून त्यातले काही प्रश्न इथे एकत्र घेतो.

माझ्या स्विफ्टला ७५ पीएस आणि भावाच्या अर्टिगाला ९० पीएस. इंजिन एकच असेल तर फरक कशामुळे? माझ्या गाडीचे ९० करून मिळतील का?

मूळ इंजिन एकच: चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचं वर-खाली अंतर) ८२. मुख्य फरक टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा. तुमचा टर्बो साधा आहे. भावाच्या टर्बोत आतली पाती फिरून एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करतात, त्यामुळे हवेचा दाब जास्त चांगला सांभाळता येतो. तुमच्या इंजिनाचा टॉर्क १९० एनएम, त्याचा २००. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: करू नका. लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात पॉवर वाढवून देणारे फक्त डिझेल आणि बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवतात. टर्बो, क्लच आणि पिस्टन जुनेच राहतात आणि वाढलेला भार त्यांच्यावर येतो.

घाटात दुसऱ्या गियरला गाडी दबते, मग एकदम उसळते. टर्बो गेला का?

बहुधा नाही. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क २००० आरपीएमला मिळतो, त्याखाली ते सुस्तच असतं. चढावर काटा २००० च्या वर ठेवा. मात्र हा दबकेपणा पूर्वी नव्हता आणि आता सुरू झाला असेल, तर टर्बोची हवा इंजिनात नेणारा होज पाइप कुठे फुटलाय का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर झाली आहे. सकाळी पहिला स्टार्ट मारला की दोन-तीन सेकंद खडखड येते, मग बंद होते. मेकॅनिक म्हणतो, 'याला बेल्ट नाही, चेन आहे, चेन लाइफटाइम असते.' काळजी करावी का?

करावी, आणि या आठवड्यातच करावी.

टायमिंग चेन क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडते, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन ठरल्या वेळी हलतात; तो मेळ चुकला की ते एकमेकांवर आदळतात. 'लाइफटाइम' हा शब्द सर्वात जास्त इंजिनं खातो. चेनला रबरी बेल्टसारखी बदलायची ठरावीक तारीख नसते, एवढाच त्याचा अर्थ. लोक त्याचा अर्थ 'कधीच बघायची नाही' असा घेतात. चेनच्या प्रत्येक कडीत पिन असते आणि ती बुशमध्ये फिरते. ती घासली की एका कडीत केसाइतकाही फरक दिसत नाही, पण सगळ्या कड्यांचा मिळून चेन लांबल्याचा परिणाम होतो. हा सैलपणा टेन्शनर ओढून धरतो, आणि टेन्शनर चालतो ऑइलच्या दाबावर. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच्यातला दाब उतरतो. सकाळी ऑइल वर पोचेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत लांबलेली चेन गाइडवर (चेनला आधार देणाऱ्या पट्टीवर) आपटते. तुम्हाला ऐकू येणारी खडखड बहुधा तीच आहे. गरम झाल्यावर आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं असं समजू नका.

मूळ दोष बहुतेक वेळा ऑइलचा असतो. या इंजिनात ऑइल मावतंच ३ लिटरच्या आसपास. डिझेल जळताना तयार होणारी काजळी त्याच ऑइलमध्ये उतरते. ऑइल बदलायला उशीर झाला की ती काजळी पिन आणि बुशमध्ये पॉलिश पेपरसारखी काम करते. त्यात लेव्हल खाली गेली की टेन्शनरला दाब मिळायला आणखी वेळ लागतो. 'या महिन्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात बदलू' असं करत ज्यांनी १५-१५ हजार किलोमीटर ओढले, त्यांच्याच गाड्या माझ्याकडे टो होऊन येतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं अंतर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते पाळा. लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीला मी स्वतः सात-आठ हजारांपुढे थांबू देत नाही. डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघा, सकाळी, गाडी सपाट जागी असताना.

मागे एक डिझायर आली होती. मालक आठ महिने ती खडखड ऐकत होते आणि दोन ठिकाणी त्यांना 'चालू द्या' असं सांगितलं गेलं होतं. एके दिवशी स्टार्ट मारताना चेन दात चुकली. हेड उतरवलं तेव्हा व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर निसटून पडले होते, व्हॉल्व्ह वाकले होते आणि पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. मी जुनी आणि नवी चेन एका खिळ्याला शेजारी शेजारी टांगून त्यांना दाखवल्या. जुनी नवीपेक्षा खाली लोंबत होती. मग दोन्ही आडव्या धरल्या, तर नवी जवळजवळ सरळ राहिली आणि जुनी धनुष्यासारखी वाकली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वेळेत आले असते तर चेनच्या कामात भागलं असतं, हे सांगताना मलाही वाईट वाटत होतं.

आता तुम्ही काय करायचं? आधी ऑइलची लेव्हल बघा. मग गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळचा पहिला स्टार्ट मेकॅनिकसमोर मारा. गरम गाडी घेऊन जाल तर आवाज येणारच नाही आणि तुम्हाला 'काही नाही' म्हणून परत पाठवतील. स्कॅनर लावून क्रँक आणि कॅम सेन्सरचा मेळ बिघडल्याचा कोड आहे का तेही बघायला सांगा. काम निघालं तर नुसती चेन टाकू नका. टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) सगळं एकदम बदला. आणि ज्याच्याकडे टायमिंग लॉक करायचे टूल आहेत त्याच्याकडेच काम द्या. पेंटने खुणा करून चेन चढवणाऱ्याकडे हे काम नको.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून सांगतो. चढावर गाडी नुसती गियरमध्ये टाकून उभी करू नका. इंजिन बंद असताना टेन्शनरला ऑइलचा दाब नसतो. गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरू शकतं आणि सैल चेन तिथेच दात चुकू शकते. हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकाखाली दगड लावा. चेनची शंका असलेल्या गाडीला धक्का स्टार्टही देऊ नका.

जुन्या इंजिनाला जाड ऑइल चांगलं म्हणून २०डब्ल्यू-४० टाकलं तर?

नको. जाड ऑइल थंडीत वर पोचायला वेळ लावतं, आणि वर लिहिलेले ते दोन-तीन सेकंद त्यामुळे वाढतात. मॅन्युअलमधलाच ग्रेड घाला.

काळा धूर येतो, पिकअप कमी झालाय. एकाने ईजीआर बंद करून घ्यायला सांगितलं, दुसऱ्याने मशीन लावून कार्बन क्लीनिंग. कोणाचं ऐकू?

सध्या कोणाचंच नाही, कारण दोघांनीही निदान न करता औषध दिलंय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. कारण साधं एअर फिल्टरही असू शकतं. फाटलेला होज पाइप, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडतो तो), थेंब सोडणारा नोझल (डिझेल फवारतो तो), यांपैकी काहीही असू शकतं. या इंजिनात ईजीआर चोकअप होणं नेहमीचं आहे, विशेषतः गाडी फक्त शहरात आणि कमी आरपीएमवर चालत असेल तर. पण तो काढून हाताने साफ करता येतो. पत्रा लावून तो बंद करणं म्हणजे प्रदूषण नियंत्रणाचा भाग निकामी करणं. असं करू नका. मशीन लावून दाखवतात त्या क्लीनिंगमध्ये घट्ट बसलेला कार्बन निघालेला मी तरी व्हॉल्व्ह उघडून कधी पाहिला नाही. आधी स्कॅनर, मग होजची तपासणी, मग ईजीआर, आणि शेवटी नोझलची लीक-ऑफ टेस्ट (प्रत्येक नोझल किती डिझेल परत सोडतो ते मोजणं). या क्रमाने जाणारा मेकॅनिक शोधा.

डिझेल फिल्टरचा दिवा एकदा लागून गेला. दुर्लक्ष करू का?

नाही. तो दिवा फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा असतो. ते पाणी लगेच काढून घ्या. सुमारे १६०० बारपर्यंतच्या दाबावर चालणाऱ्या पंपाला आणि नोझलला डिझेलचंच वंगण असतं. पाणी शिरलं की ते गंजतात.

लांबच्या प्रवासानंतर गाडी लगेच बंद करू नये म्हणतात. खरं का?

खरं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, आणि इंजिन बंद केलं की त्याला ऑइल मिळणं थांबतं. घाट किंवा हायवे सोडून लगेच थांबलात तर मिनिटभर आयडलवर ठेवा. शहरात हळू चालवत घरी आलात तर त्याची गरज नाही.

२०१३ ची स्विफ्ट डिझेल घेतोय. काय बघू?

पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधी इंजिन चालवून ठेवलंय, आणि ते बहुधा सकाळचा आवाज लपवण्यासाठीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा या, आधी कळवू नका. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून भपका बघा. थोडी वाफ चालते, जोरात धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा थकल्या आहेत. टर्बोकडून येणाऱ्या होजमध्ये बोट फिरवा. हलका ओलसरपणा ठीक, ऑइल जमलेलं असेल तर नाही. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, सर्व्हिसची बिलं मागा आणि त्यात ऑइल बदलल्याच्या तारखा वाचा. बिलं नसतील तर चेनचं काम काढावं लागणार असं धरूनच भाव बोला. आणि पैसे देण्याआधी तुमचा स्वतःचा मेकॅनिक सोबत न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

महाग प्रीमियम डिझेल घातलं तर इंजिन जास्त टिकेल का?

साधं डिझेल पुरतं. ते पैसे ऑइल फिल्टरवर खर्च करा.