थीम पार्क आणि मुलं: प्रश्न तुमचे, उत्तरं बालरोगतज्ज्ञांची

सुट्ट्या जवळ आल्या की खोकल्याच्या पेशंटइतकेच थीम पार्कचे प्रश्न दवाखान्यात येतात. दरवर्षी तेच. आणि विचारणाऱ्याला शेजाऱ्याने, प्रवास कंपनीच्या माणसाने किंवा मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओने आधीच ठाम उत्तर दिलेलं असतं. माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो. तो नेहमी मिळेल असं नाही. खालची उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलाला तुमच्या डॉक्टरांनी तपासलेलं आहे, मी नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न: मुलगी तीन वर्षांची आहे. एवढ्या लहानपणी नेण्यात अर्थ आहे का? तिला पुढे काहीच आठवणार नाही.

उत्तर: आठवणार नाही, पण त्या दिवशी मजा येईल. न्या.

प्रश्न: प्रवास कंपनीने चार दिवसांत चार पार्क आखून दिलेत, सकाळी दार उघडल्यापासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत. रांग टाळायचा पास घेतला तर मुलं दमणार नाहीत असं ते म्हणतात. मुलं चार आणि सात वर्षांची आहेत.

उत्तर: पासाने रांग वाचते, चालणं वाचत नाही. ऊन, आवाज आणि हुकलेली झोप यांवरही त्याचा उपाय नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. आतषबाजी बघून मध्यरात्री झोपलेलं मूल सकाळी परत दारावर उभं केलंत, तर तिसऱ्या दिवशी ते रडेल. मग 'एवढा खर्च केला आणि याचं हे' म्हणून तुम्ही त्यालाच ओरडाल. एक दिवस पार्क, एक दिवस मोकळा. दुपारी कडक उन्हात खोलीवर या, झोपा, संध्याकाळी परत जा.

पासाबद्दल आणखी एक. डिस्नेने १९९९ साली रांग टाळायची सोय सुरू केली तेव्हा ती तिकिटातच धरलेली होती. आता तिचे वेगळे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे ती विकणाऱ्याचा उत्साह समजण्यासारखा आहे. विकत घेण्याआधी पासावरच्या राईडची यादी मागा आणि तुमच्या चार वर्षांच्या मुलाला त्यातल्या किती राईडवर उंचीप्रमाणे बसू देतील ते बघा. यादी झपाट्याने आखूड होईल.

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा, उंची १०९ सेंटिमीटर. ज्या राईडसाठी त्याचा हट्ट आहे तिथे ११२ लागते. तीनच सेंटिमीटरचा प्रश्न आहे. जाड तळव्याचे बूट घातले तर? आमच्या ओळखीच्यांनी तसं केलं होतं, काही झालं नाही.

उत्तर: या प्रश्नाची मी वाटच बघत असतो, कारण तो आल्याशिवाय एकही सुट्टी जात नाही. कुणी बुटात कागदाच्या घड्या घालतं, कुणी केसांचा उंच बुचडा बांधतं, कुणी तिथल्या पोराशी हुज्जत घालतं. ओळखीच्यांचं काही झालं नाही याचा अर्थ एवढाच, की त्यांचं काही झालं नाही.

आधी तो आकडा येतो कुठून ते समजून घ्या. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या 'स्पेस माउंटन' राईडला ११२ सेंटिमीटर लागतात. कॅलिफोर्नियात याच नावाच्या राईडला १०२ पुरतात. तुमचा मुलगा एकीकडे बसेल आणि दुसरीकडे नाही. तो तोच, त्याची हिंमतही तीच. बदलते ती गाडी. फ्लोरिडात एकामागे एक एकेकट्या सीट आहेत, कॅलिफोर्नियात शेजारी शेजारी बसतात. म्हणजे पट्टीवरची खूण मुलाच्या धाडसाची परीक्षा घेत नाही. त्या विशिष्ट सीटवर, त्या विशिष्ट दांड्याखाली हे शरीर धरून ठेवता येईल का, एवढंच ती बघते.

गाडी चढाच्या माथ्यावरून खाली वळते तेव्हा अंग सरळ वरच जायला बघतं. पोटात गोळा येतो तो त्याच क्षणी. तेव्हा माणसाला सीटवर ठेवतो मांडीवरचा दांडा, आणि पाय खाली टेकलेले असले तर त्यांचा आधार. लहान मुलाचे पाय लोंबकळतात. कंबर अरुंद असते, त्यामुळे ते दांड्याखालून पुढे सरकू शकतं. डोकं धडाच्या मानाने मोठं आणि मानेचे स्नायू कोवळे, म्हणून प्रत्येक हिसका मानेवर जातो. 'मी शेजारी बसून घट्ट धरीन' हे वाक्य तर कृपा करून विसरा. दोघांत एकच दांडा असेल तर तो तुमच्या मांडीवर येऊन थांबतो आणि मुलापुढे मोकळी जागा उरते. त्या वेगात तुमच्या हाताची पकड कुणालाही धरून ठेवण्याइतकी नसते.

मर्यादा वरच्या बाजूनेही असते, ती तर कुणी विचारतच नाही. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात एका उंच मनोऱ्यावरून खाली पडणाऱ्या राईडमधून चौदा वर्षांचा मुलगा निसटून गेला. उत्पादकाने ठरवलेल्या कमाल वजनापेक्षा त्याचं वजन बरंच जास्त होतं, आणि त्या सीटचा सेन्सर दांडा आणि सीट यांच्यात जास्त फट चालेल असा हाताने बदललेला होता असं तपासात आढळलं. कुणीतरी कधीतरी 'थोडंसं चालतंय' म्हटलेलं होतं. तुमचे तीन सेंटिमीटर त्याच जातीचे आहेत.

उंची भरली म्हणजे झालं असंही नाही. घाबरल्यावर मध्येच उठायला बघणारं मूल उंचीत बसलं तरी थांबवा. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचे मानेचे वरचे मणके सैल असतात. त्यांना कुठल्याही हिसक्याच्या राईडवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नका. नुकतंच हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, हृदयाचा आजार असलेलं किंवा फिट येणारं मूल असेल तर तोच नियम.

आणि मुलगा खुजा आहे म्हणून कुणी टोमणा मारला असेल तर तोही सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ११६ सेंटिमीटर आहे. १०९ त्याहून कमी असली तरी सर्वसाधारण मर्यादेत आहे. वर्षभरात उंची किती वाढली ते बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या, एकदा शंका मिटेल. तोवर घरी अनवाणी मोजा, निघण्याआधी त्याला आकडा सांगा, हट्ट घरीच संपवा. मोठ्यांना बसायचं असेल तर दारावरच्या माणसाला आळीपाळीची सोय विचारा. बऱ्याच मोठ्या पार्कांत एक पालक मुलाजवळ थांबतो आणि पहिला परतल्यावर दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

प्रश्न: मुलीला गोल फिरणाऱ्या राईडवर उलट्या होतात. मनगटावर बांधायचे पट्टे मिळतात, ते घ्यावेत का?

उत्तर: पट्ट्यांचा भरवशाचा पुरावा नाही. पैसे वाचवा.

कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो एक आणि डोळे सांगतात दुसरं, त्यातून मळमळ होते. म्हणून पडद्यासमोर जागच्या जागी हलणाऱ्या खुर्च्यांवर काहींना खऱ्या रोलरकोस्टरपेक्षा जास्त त्रास होतो. दोन ते बारा या वयात हे सगळ्यात जास्त. पोट तुडुंब नको, रिकामंही नको. लांबच्या स्थिर वस्तूकडे बघायला सांगा. पडदा असह्य झाला तर डोळे मिटायचे. गोळ्या असतात, पण त्यांनी झोप येते, आणि काही मुलं उलट चेकाळतात. त्यातलं प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नाही. औषध आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि पहिली गोळी घरी असताना देऊन बघा, पार्कच्या दारात नव्हे.

प्रश्न: मुलाला दमा आहे. इन्हेलर लॉकरमध्ये ठेवला तर चालेल?

उत्तर: नाही. खिशात, किंवा खाली थांबणाऱ्या माणसाच्या हातात. निघण्याआधी डॉक्टरांना भेटून दमा आटोक्यात आहे ना ते बघा.

प्रश्न: यांना मूतखडा आहे. रोलरकोस्टरवर बसल्याने खडा पडतो असं संशोधन आहे म्हणे, तेव्हा मुलांबरोबर तेही बसणार आहेत.

उत्तर: संशोधन आहे, तुमच्यापर्यंत पोचलं ते अर्धं. २०१६ साली मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड वॉर्टिंगर यांनी सहकाऱ्यासह मूत्रपिंडाची सिलिकोनची प्रतिकृती केली, तीत छोटे खडे आणि लघवी भरली आणि पाठपिशवीत घालून फ्लोरिडाच्या 'बिग थंडर माउंटन रेलरोड'वर फिरवली. मागच्या सीटवर सुमारे ६४ टक्के वेळा खडा सरकला, पुढच्या सीटवर १७ टक्के. २०१८ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. पण त्या प्रतिकृतीच्या पोटात कळ येत नव्हती. सुटलेला खडा मूत्रवाहिनीत अडकला तर काय होतं ते यांना विचारा, अनुभव असेलच. खडा केवढा आणि कुठे आहे हे सोनोग्राफी सांगेल, पुढचं मूत्रविकारतज्ज्ञ सांगतील.

प्रश्न: मला पाचवा महिना आहे. त्रास काहीच नाही. एखादी राईड चालेल का?

उत्तर: हिसक्याची, वेगाची, आपटणारी एकही नाही, वार गर्भाशयापासून सुटण्याचा धोका असतो. संथ होडी वगैरे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून.

प्रश्न: बाळ दहा महिन्यांचं. गोवराची लस राहिली आहे. आठ दिवसांनी निघतोय, आल्यावर घेतली तर?

उत्तर: आल्यावर कशासाठी? गर्दीत जायचं आहे ते आधी.

डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली. शंभराहून जास्त माणसांना लागण झाली, त्यांतले बरेचसे लस न घेतलेले होते. आजारी माणूस निघून गेल्यावरही गोवराचा विषाणू त्या जागेच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि तुम्ही तर बंदिस्त रांगांत उभे राहणार. परदेशी जाणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना लवकरचा डोस देण्याची शिफारस आहे, पण संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात. तुम्ही आठ दिवस शिल्लक ठेवलेत. तरी लस आजच घ्या. काहीच नसण्यापेक्षा बरं. प्रवास पुढे ढकलायचा का, आणि पुढचे डोस कधी, हे लस देणाऱ्या डॉक्टरांशी बसून ठरवा. तिकिटं काढताना लसीचं कार्ड का बघत नाही कुणी?

प्रश्न: उन्हात ताकद राहावी म्हणून मुलांना दिवसभर एनर्जीची रंगीत पेयं देतो. बरोबर ना?

उत्तर: नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. लिटरभर कोलात साखर असते शंभर ग्रॅमच्या वर. बाटलीवर धावणाऱ्या खेळाडूचं चित्र असलं म्हणून साखर कमी होत नाही, आणि कॅफिन असलेली एनर्जी ड्रिंक तर मुलांना द्यायचीच नाहीत. निरोगी मुलाला पाणी आणि वेळेवर जेवण पुरतं. मूल खेळात तहान सांगत नाही. तुम्ही दर अर्ध्या तासाला घोटभर पाजा. लघवी गडद दिसली तर कमी पडतंय. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं त्या दिवशी कडक ऊन होतं, आणि प्लंबरांच्या संपामुळे पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. आता नळ असतात, तरी रिकाम्या बाटल्या घेऊन फिरणारी कुटुंबं दिसतात.

बाबागाडीवर सावलीसाठी कापड टाकून ती बंद करू नका. आत भट्टी होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा खरी सावली हवी, मोठ्यांना दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावा. मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, अंग भिजवा, वारा घाला, प्रथमोपचाराला हाक मारा. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही.

प्रश्न: मुलाचे जुलाब कालच थांबले. उद्या वॉटर पार्क आहे. पाण्याला क्लोरीनचा चांगला वास येतो, म्हणजे जंतू मरतच असणार ना?

उत्तर: तो वास स्वच्छतेचा नाही. क्लोरीन घाम आणि लघवीशी मिसळून जे तयार होतं त्याचा तो वास. म्हणजे जितका उग्र, तितकी पाण्यात भर जास्त. शिवाय जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त तग धरतो. त्याचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावर दोन आठवडे तलाव बंद. निदान झालेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि उद्या जाऊ नका हे मी आजच सांगतो. पोहायच्या डायपरने जंतू अडत नाहीत.

पाण्यात हवेच्या बाह्या घातल्या म्हणून मूल सुरक्षित झालं असं समजू नका. बुडणारं मूल ओरडत नाही. हाताच्या अंतरावर राहा, मोबाइल बाजूला ठेवून.

प्रश्न: मुलगा स्वमग्न आहे. आवाजाने आणि रांगेने तो बिथरतो. नेऊच नये का?

उत्तर: का नेऊ नये? कानावरचे आवाज अडवणारे हेडफोन घरी सवय करून न्या. राईडचे व्हिडिओ आधी दाखवा. आतषबाजीच्या आधी बाहेर पडा. शांत खोली कुठे आहे ते नकाशावर शोधून ठेवा. रांगेतल्या सवलतीचा अर्ज मात्र घरूनच करा. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांनी २०२४ मध्ये तिचे नियम बरेच कडक केले, तेव्हा मागच्या वर्षी कुणाला मिळाली यावर जाऊ नका. त्याच्या थेरपिस्टशी बोलून दिवस आखा.

प्रश्न: मुलाला काल रात्रीपासून १०१ ताप आहे. परवाची तिकिटं आहेत, पैसे परत मिळत नाहीत. पॅरासिटामॉल देऊन नेलं तर?

उत्तर: नाही. औषधाने ताप उतरतो, आजार जात नाही, आणि तो रांगेतल्या इतर मुलांनाही मिळेल. पैसे परत मिळत नसले तरी तारीख बदलून मिळते का ते पार्कला फोन करून विचारायला हवं होतं. परवाच्या तिकिटासाठी या सदराला पत्र का पाठवलंत ते मला कळलेलं नाही. हे छापून येईपर्यंत ताप उतरला असेल तर उत्तम. नसेल तर मासिक खाली ठेवा आणि त्याला दाखवून या.