कपाशीच्या पिशवीतला स्टॅम्पपेपर

लग्नाशिवाय लेकरू झालं, आता कायद्यानं पुढं काय? झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडून येणाऱ्या पत्रांत प्रश्न तेच आणि ऐकीव गोष्टीही त्याच. म्हणून पुन्हा एकदा लिहिते.

प्रश्न: जन्मदाखल्यावर बापाचं नाव नको आहे. ग्रामपंचायतीत म्हणतात, त्याशिवाय नोंदच होत नाही.

होते. आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच सांगितलंय. २१ दिवसांत नोंद करा. कोणी अडवलंच, तर नकार लेखी मागा.

प्रश्न: आम्ही दोन वर्षं सोबत राहिलो. पोरगी झाल्यावर त्यानं दुसरीकडं लग्न केलं. गावात बैठक बसली, वीस हजार दिले अन् ‘यापुढं काही मागणार नाही’ असं स्टॅम्पवर लिहून घेतलं. पोरगी आता तीन वर्साची आहे. सारे म्हणतात, अंगठा दिला, हक्क गेला.

हा कागद मला तोंडपाठ आहे. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत चौघडी करून ठेवलेला, खाली जांभळा अंगठा, शेजारी पंच म्हणून त्याच्याच भावकीच्या चार सह्या. लिहिणाऱ्याचे पैसे झाले, एवढाच त्याचा उपयोग. पोटगीचा हक्क लेकराचा आहे. आईला तो वीस हजारांत काय, वीस लाखांतही विकता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १४४ (जुन्या कायद्यात १२५) अनौरस मुलालाही लागू आहे. तिथं जात-धर्म विचारत नाहीत, मुलाच्या पोटगीसाठी लग्नाचा पुरावाही लागत नाही. मूल त्याचं आहे आणि ऐपत असून तो सांभाळत नाही, एवढं दाखवायचं. ‘माझं नाहीच’ म्हणाला तर डीएनए चाचणीसाठी न्यायालयात अर्ज करता येतो. आदेश होऊनही नमुना दिला नाही, तर ते त्याच्याविरुद्ध धरलं जाऊ शकतं. कोणाच्या सांगण्यावरून खासगी लॅबचा महागडा रिपोर्ट आधीच काढून आणू नका.

आणि ‘कापूस निघू दे, मग पाहू’ हे बंद करा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, जन्मापासून नाही. तुमची तीन वर्षं गेलीच. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तो कागद रागानं फाडू नका, सोबत न्या. पोरगी कोणाची, हे बहुधा त्यांनीच त्यात लिहून ठेवलेलं असतं.

प्रश्न: बापाच्या शेतात मुलाला हिस्सा मिळतो का?

पत्रावरून सांगता येणार नाही. लग्न लागलं होतं पण कायद्यात टिकलं नाही, तर आईबापाच्या वाट्यात हक्क आहे. लग्नच नव्हतं, तर हिंदू वारसा कायदा मुलाला फक्त आईशी जोडतो. कोलाम, गोंड कुटुंबांना तो कायदा आपोआप लागूच नाही, तिथं रूढी पाहतात. सातबारा घेऊन वकिलाकडे जा, चावडीवर विचारू नका.

प्रश्न: दवाखान्यातली एक बाई बाळासाठी जोडपं पाहून देते. पन्नास हजार अन् नोटरी. चालेल?

ही विक्री आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. सांभाळणं शक्यच नसेल, तर बाल कल्याण समितीपुढं बाळ सोपवा. फेरविचाराला दोन महिने मिळतात. १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा. बाळाची आई स्वतःच १८च्या आतली असेल, तर आधी पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली तक्रार.

प्रश्न: मी बाप आहे. तिच्या घरचे पोराला भेटू देत नाहीत. उचलून आणलं तर?

आणू नका. अशा मुलाची पहिली पालक हिंदू कायद्यात आईच. भेटीसाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करा. वकिलाकडे जाताना आजवर पोरासाठी काय दिलं, त्याच्या पावत्या न्या. काहीच दिलं नसेल, तर या महिन्यापासून पाठवा, आणि बँकेतून.