कुंडीतल्या टोमॅटोच्या बगलफुटी खुडाव्यात का? बाल्कनीसाठी बुटकी जात कोणती?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओत दाखवतात तशा बगलफुटी (पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) नेमाने खुडताय, तरी फळं मोजकीच. आधी खुडणं थांबवा आणि झाड कुठल्या प्रकारचं आहे ते बघा.

टोमॅटोचे ढोबळ दोन प्रकार. एक वेलासारखा वाढतच राहतो. दुसरा झुडपी: थोडी उंची गाठली की शेंड्यावरच फुलांचा घोस येतो आणि ती फांदी तिथे थांबते. पुढची वाढ बगलेतून होते आणि त्या फांदीच्या टोकालाही घोसच येतो. त्यामुळे झुडपी जातीची बगलफूट खुडली की तिच्यावर येणारी फळंही गेली. ओळखायचं असेल तर खोडावर एका घोसापासून पुढच्या घोसापर्यंतची पानं मोजा. वेली प्रकारात बहुधा तीन असतात, झुडपी प्रकारात एक किंवा दोन.

जातींचं म्हणाल तर सर्रास मिळणारी पुसा रूबी उंच जाते, बाल्कनीत ती आवरत नाही. पुसा अर्ली ड्वार्फ घ्या, तिला बारा-चौदा इंची कुंडी पुरते. चेरी टोमॅटो चालणार असतील तर टायनी टिम आठ इंची कुंडीतही छान होतो. मायक्रो टॉम तर जेमतेम वीतभर! फ्लोरिडा विद्यापीठात तो शोभेसाठी तयार केला होता, आता जगभरच्या प्रयोगशाळांत टोमॅटोवरच्या संशोधनासाठी वापरतात. खिडकीच्या कठड्यासाठी मला तो फार आवडतो, पण त्याच्यावर कोशिंबिरीची भिस्त ठेवू नका.

आपल्याकडे सप्टेंबरच्या सुमारास बी टाकलेलं उत्तम. रोप कुंडीत लावताना खालची पानं काढून खोड खोलवर पुरा, मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. सहा तास ऊन हवंच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेची बाल्कनी या दिवसांत सोन्यासारखी. उत्तरेच्या बाल्कनीत टोमॅटोचा हट्ट न केलेलाच बरा. एप्रिल-मेमध्ये फुलं येऊन गळतात त्याला खत कमी पडलं असं समजून आणखी खत घालू नका, दिवसाचं तापमान पस्तिशीला गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की फळ धरतच नाही.

वरच्या मजल्यांवर आणखी एक अडचण असते. टोमॅटोच्या फुलातले पराग सुटायला फूल थरथरावं लागतं. बाहेर ते काम वारा आणि भुंगे करतात, पण जाळी लावलेल्या बाल्कनीत दोन्ही कमी. सकाळी दहाच्या आसपास, फुलं कोरडी असताना, घोसाच्या देठाला बोटाने हलक्या टिचक्या मारा. ऊन पडलेलं असेल तर पिवळी भुकटी उडताना दिसते. एवढ्यानेही फळधारणेत फरक पडतो.

पाणी एक दिवस भरपूर आणि मग दोन दिवस कोरडं, असं करू नका. त्याने फळांच्या बुडाशी काळे, चामड्यासारखे डाग पडतात. कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पोचत नाही. कुंडीवर वाळक्या पानांचा थर द्या, ओल टिकते.

झुडपी झाडाची बरीचशी फळं थोड्या आठवड्यांतच येऊन जातात, मग ते थकतं. म्हणून दोन कुंड्या एकदम न लावता महिन्याच्या अंतराने लावा.

आत्ताच्या झाडाला तीन-तीन पानांवर घोस असतील तर ते वेली आहे. त्याच्या दोन फांद्या ठेवून बाकीची फूट काढत राहा, सुतळीने वर बांधा आणि शक्य असेल तर मोठी कुंडी द्या. दोन घोसांमध्ये एक-दोनच पानं निघाली, तर ते झुडपी आहे, यापुढे फक्त मातीला टेकणारी पानं काढा.